भिंतीवर लिहिलेलं पाणी

निवृत्त झालेल्या माणसाने काय करावं याबद्दल आमच्या वाडीत प्रत्येकाचं एक मत असतं, आणि ते त्या निवृत्त माणसाला सोडून बाकी सगळ्यांना पटलेलं असतं. माझ्याबाबत असं ठरलं की बाईंचं अक्षर चांगलं आहे, ते वाया जाऊ द्यायचं नाही. मग लग्नपत्रिकांवरची नावं, विहारातल्या फळ्यावरचा सुविचार, जयंतीच्या कार्यक्रमाची पाटी, सगळं माझ्याकडे यायला लागलं. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर लिहिलं, त्यामुळे उभ्या भिंतीवर ओळ सरळ नेणं मला जमतं. मी तक्रार करायचे, पण कोणी पाटी दुसऱ्याकडे नेली तर दोन दिवस घुश्शातही असायचे.

त्यामुळे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाची माहिती लिहायची ठरली तेव्हा ग्रामसेवक सरळ माझ्या दारात आले. त्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो, वयाने ते माझ्या धाकट्या मुलाएवढे आहेत. म्हणाले, "बाई, गावाची माहिती गावाला दिसली पाहिजे, असा वरून आदेश आलाय. फोनवर तर आहेच, कोणीही उघडून बघू शकतो. पण आपल्याकडे फोनवर बघतंय कोण? भिंतीवर आली की वाचतील."

"आदेश नसता तरी दिसायलाच हवी होती," मी म्हटलं. भाऊसाहेब हसले आणि रंगाचा डबा ओट्यावर ठेवून गेले.

आमचं गाव दाभोळच्या खाडीच्या अंगाला, उतारावर वसलेलं आहे. खाली खाडीजवळ मुख्य गाव, त्याच्या वर कुणबीवाडी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर, कातळाच्या उघड्या पठाराला, म्हणजे सड्याला, लागून, आमची बौद्धवाडी. वारा आम्हाला सगळ्यात आधी मिळतो, पाणी सगळ्यात शेवटी. नळ घराघरात आहेत. मार्च लागला की त्यांतून आधी सूं आवाज येतो, मग काहीच येत नाही. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत आमच्या बायका पाखाडी उतरून खाली पऱ्यात जातात. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, आणि पऱ्या म्हणजे आमचा ओढा, जो उन्हाळ्यात सुकतो, पण त्याच्या पोटात एक झरा राहतो. त्या झऱ्यातून करवंटीने पाणी भरायचं, कळशी डोक्यावर घ्यायची आणि पुन्हा चढायचं. खालच्या वाड्यांत टँकर कधीमधी येतो. आमच्याकडे तो कधीच आला नाही, आणि का येत नाही याची कारणं आम्ही दर उन्हाळ्यात नव्याने शोधत असू. सरकार वाईट, पुढारी वाईट, रस्ता वाईट. एकमत मात्र असायचं.

भिंत लिहायला मला चांगले आठ-दहा दिवस लागले, कारण लिहिण्यापेक्षा वाचणारे जास्त होते. रंग वाळायच्या आत बोट लावून बघणारे वेगळे. मी कुलूपबंद घरांचा आकडा लिहिला, तर एक म्हातारे काठी टेकत आले आणि म्हणाले की आमचं घर यात धरू नका, मुलं मे महिन्यात उघडतात. मी म्हटलं, आजोबा, आज बंद आहे ना? ते म्हणाले, आज बंद आहे म्हणजे बंद आहे असं होत नाही.  कमी वजनाच्या मुलांचा आकडा आला तेव्हा तर खालच्या वाडीतल्या आयांनी आपापली मुलं कडेवर घेऊन एकमेकींकडे असं पाहिलं की त्या आठवड्यात अंगणवाडीची खिचडी उरली नाही. मला हे सगळं आवडत होतं. शाळेत निकाल लावायच्या दिवशी असायची तशी गर्दी, आणि निकाल साऱ्या गावाचा.

शेवटी वाडीवार पाण्याचा तक्ता आला. मी भाऊसाहेबांच्या कागदावरून उतरवत होते. खालची वाडी, टंचाई आहे. कुणबीवाडी, टंचाई आहे. मग आमची वाडी. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पाणी पुरेसे. टंचाई नाही.

हातातला ब्रश तसाच ठेवून मी आत गेले. "भाऊसाहेब, हे मी लिहिणार नाही."

भाऊसाहेबांना माझा स्वभाव माहीत आहे. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग बोलले. "बाई, मागच्या उन्हाळ्यात घराघरांतून माहिती घेतली, तीच तालुक्याला गेली. टँकर कुठे पाठवायचा ते त्यावरूनच ठरतं. जे गेलंय तेच भिंतीवर यायला हवं. तुम्ही बदलून लिहिलंत, तर ती तुमची माहिती झाली, गावाची राहिली नाही."

"पण ही माहिती दिली कोणी?"

"तुमच्या वाडीने."

माणूस बरोबर बोलत असला की मला त्याचा जास्त राग येतो. तशीच बाहेर आले आणि लिहिलं. जन्मभर पोरांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या, आणि धडधडीत खोटं वाक्य सुवाच्य अक्षरात लिहायची वेळ निवृत्तीनंतर आली. त्यातल्या त्यात एवढंच केलं, की ती ओळ इतरांपेक्षा थोडी मोठी काढली, म्हणजे वाडीतल्या कोणालाही चष्मा नसतानाही दिसावी.

मागच्या उन्हाळ्यात ती माहिती गोळा झाली तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणासाठी पनवेलला होते. म्हणून घरी येऊन आधी नवऱ्यालाच धरलं. ते पडवीत पेपर वाचत होते.

"हो, आली होती एक मुलगी मोबाइल घेऊन," ते म्हणाले. "गुणाची पोर. मी तिला कोकम सरबत दिलं. तिने विचारलं, पाणी पुरतं का? म्हटलं, पुरतं."

"पुरतं?"

"मला तर कधी कमी पडलं नाही."

घरात पाणी कुठून येतं याविषयी माझ्या नवऱ्याचं ज्ञान हंड्याच्या काठापर्यंत आहे. त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी चपला घालून अक्काकडे गेले.

अक्का म्हणजे माझी थोरली चुलत जाऊ. तिचं घर वाडीच्या अगदी टोकाला, सड्याच्या कडेवर आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याने मुंबईत गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर जिथे मिळेल तिथे काम करून हे चिऱ्यांचं घर बांधलं, आणि पुढचं खळं, म्हणजे अंगण, इतकं मोठं ठेवलं की लोक हसायचे. तो म्हणायचा, पोराचं लग्न या खळ्यात होणार, तेव्हा बसाल कुठे? तो मुलगा आता मुंबईत नोकरीला आहे आणि त्याचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. मुलगी अलोऱ्याची, तिथल्या वसाहतीत वाढलेली, हसरी, अक्काला पहिल्याच भेटीत आवडलेली.

प्रश्न होता तो लग्न कुठे लावायचं याचा. मुलगा वाईट नाही, पण त्याचं म्हणणं साधं होतं. चाकरमानी पाहुणे आठवडाभर राहणार, त्यांच्या आंघोळीला, जेवणाला पाणी कुठून आणणार? चिपळूणला हॉल घेऊ, सकाळी जाऊ, रात्री परत. विकतचा टँकर एक दिवस आणता आला असता. पण शेजारच्या घरातला हंडा रिकामा असताना आपल्या दारात एकटीसाठी टँकर उभा करणं अक्काला मरेपर्यंत जमलं नसतं. शेवटी मायलेकांत ठरलं की यंदा वाडीला सरकारी टँकर मिळाला तर लग्न दारात, नाहीतर हॉल. आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला तो गावी येईल तेव्हा काय ते पक्कं करायचं. अक्का रोज संध्याकाळी खळं झाडायची. झाडण्यासारखं त्यात काही नसायचं.

मी तिला भिंतीवरची ओळ सांगितली. तिने हातातला झाडू कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "ती पोर माझ्याकडं पन आली होती."

"आणि तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? उन्हातून आलेली, लालेलाल झालेली. तिच्या हातात तांब्या दिला, गूळ दिला. गटागटा पियाली. आणि मग मी म्हणू काय, आमच्याकडं पाणी नाय म्हणून? मग ती पियाली ता काय होता?"

दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरले. प्रत्येक घरात हीच कथा. पाणी दिलं, गूळ दिला, आणि समोर भरलेला तांब्या असताना पोरीने विचारलं की पाण्याची अडचण आहे का, तेव्हा प्रत्येकीने पदर सावरून सांगितलं, छे, भागतं. म्हणजे दर उन्हाळ्यात आम्ही ज्याला शिव्या घालत होतो त्या टँकरला नको म्हणणारं तोंड आमचंच निघालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तो कागद तालुक्याच्या कपाटात राहिला असता तर आमची मूठ झाकलेलीच राहिली असती आणि आम्ही आणखी दहा वर्षं रस्त्याला नावं ठेवली असती. भिंतीवर आला म्हणून कळलं.

मला राग आला होता, पण हसूही येत होतं, आणि त्याच्या खाली जे होतं ते मी जाणून होते. अक्काच्या सासूचं सांगणं मी नवी नवरी असताना ऐकलेलं आहे. पूर्वी साहेबलोक वाडीत यायचे ते खळ्याच्या बाहेर, आंब्याखाली बसायचे. त्यांच्या माणसाच्या खांद्याला फिरकीचा तांब्या लटकवलेला असायचा. स्वतःचं पाणी स्वतः घेऊन यायचे. म्हातारी म्हणायची, मी दर वेळेला तांब्या राखेने घासून भरून ठेवायची, न जाणो, संपलं त्यांचं तर मागतील. कोणी मागितलं नाही. तिची हयात गेली. आता कोणी मोबाइलवाली पोर पडवीत येऊन बसते, आपल्या हातचं पाणी पिते, वर आणखी मागते, त्या क्षणी तिला नाही कसं म्हणायचं? आमच्या बायकांना पाणी वाहून आणायचा त्रास होतो, पण पाणी देता येण्याचा जो आनंद आहे तो त्याहून मोठा आहे. आकडा चुकला तो या आनंदापायी.

भाऊसाहेबांनी मार्ग सांगितला. वाडीने अर्ज द्यायचा, तालुक्याचे पाणीपुरवठ्याचे साहेब स्वतः येऊन पाहणी करतील, त्यांना पटलं तर माहिती बदलेल. अर्ज मी लिहिला. साहेब जयंतीच्या आठवडाभर आधी येणार असं कळलं. मग मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. विहारात सगळ्या बायकांना बसवलं आणि तालीम घेतली.

"मी साहेब आहे," मी म्हटलं. "सांगा, पाणी पुरतं का?"

"नाय पुरत," सगळ्या एका सुरात म्हणाल्या, पाढे म्हटल्यासारख्या.

"टंचाई आहे का?"

"हाय."

"शाबास. आता साहेब येतील तेव्हा अस्संच म्हणायचं."

मागून एक सूनबाई म्हणाली, "पण बाई, साहेबांना पाणी तरी द्यायचा ना?"

"द्या. पण अर्धा पेला."

 अर्धा पेला म्हटल्यावर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी भर सभेत काही अभद्र बोलले होते. कोणीतरी हळूच म्हणालं, अर्धा पेला कसा दिसेल तो. दुसरी म्हणाली, बाई शहरात राहून आल्या. मी तालीम आवरती घेतली.

अक्का सगळ्यांत शेवटी उठली. दारात मला म्हणाली, "बाय, मी खोटा बोलणार नाय. आनि खरा माझ्या तोंडातून निघणार नाय. मना त्यात धरू नको."

"मग लग्न हॉलमध्ये," मी जरा कडकच बोलले. ती मान हलवून गेली. मला लगेच वाईट वाटलं, पण बोललेला शब्द मागे घ्यायची सवय शिक्षकांना नसते.

साहेब आले ते ऐन उन्हात. पन्नाशीचे, स्थूल, बोलायला मऊ. गाडी खाली रस्त्याला ठेवून भाऊसाहेबांबरोबर चालत वर आले, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. मी सोबत होते. पहिल्या घरात गेलो. सूनबाईंनी आधी चकचकीत तांब्या आणला, वाळा घातलेलं गार पाणी. साहेब प्याले, तृप्त झाले, आणि विचारलं, "पाण्याची फार अडचण आहे का हो?"

मी तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, साहेबांच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तशी काय नाय. भागता."

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात तर पाण्याबरोबर पन्हं आलं. विहारातली सगळी तालीम पालथ्या घड्यावर पाणी ठरली, आणि या म्हणीत तरी आमच्याकडे पाण्याला तोटा नाही असं माझ्या मनात आलं. साहेब चक्रावले होते. भाऊसाहेब माझ्या नजरेला नजर देत नव्हते. साहेबांनी वही मिटल्यासारखं केलं आणि म्हणाले, अर्ज तर तुम्ही टंचाईचा दिलाय.  मी म्हटलं, एक घर राहिलंय, टोकाचं.

सड्यावरून तिथवर चालायला वेळ लागतो आणि वाटेत सावली नाही. पोचेपर्यंत साहेबांचा घसा पुन्हा कोरडा पडला होता. अक्काने पडवीत चटई घातली होती. "या, बसा," म्हणाली. बसलो. आणि ती समोर उभी राहिली. तांब्या आलाच नाही.

आमच्याकडे असं होत नाही. माणूस उंबऱ्याशी आला की पाणी आधी येतं आणि कोण कुठले ही चौकशी नंतर. साहेबही मागच्या तीन घरांच्या सवयीने वाट बघत होते. थोडा वेळ गेला. शेवटी त्यांनीच म्हटलं, "वहिनी, जरा पाणी देता का?"

"देतंय की," अक्का म्हणाली. "वायच बसा हां. आणतंय."

ती आत गेली, कळशी आणि चुंबळ घेऊन बाहेर आली, खळ्यातून सरळ चालत पाखाडीच्या तोंडाशी गेली आणि उतरायला लागली.

साहेबांना वाटलं मागच्या दारी विहीर असेल. ते माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिले, मुलगे काय करतात, शाळेत पट किती.  मग घड्याळाकडे पाहिलं. "त्या गेल्या कुठे?"

"पाणी आणायला."

"कुठून?"

मी त्यांना खळ्याच्या कडेला नेलं. खाली करवंदीच्या जाळ्यांतून अक्काची निळी साडी दिसत होती, नखाएवढी. ती अजून उतरतच होती. झरा त्याच्याही खाली. साहेब तिथेच उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून.

भाऊसाहेब पाठीवरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढत म्हणाले, "साहेब, गाडीतली आणलीय मी. ही घ्या."

साहेबांनी हात आडवा केला. "नको. त्या आणायला गेल्यात ना? थांबू."

मग आम्ही थांबलो. ऊन चढत होतं. पडवीत बसल्या बसल्या माझी नजर पायरीजवळच्या मोगऱ्यावर गेली. एप्रिल महिना, सगळा सडा भाजून निघालेला, वाडीत एकाही झाडाला पाणी नाही, आणि त्या मोगऱ्याच्या बुडाची माती गर्द ओली होती. भरलेला हंडा ओतावा तेवढी. नुकतीच. मी साहेबांकडे पाहिलं, ते पाखाडीकडे बघत होते. मी पाय पसरून साडीचा घोळ असा सारखा केला की ती ओली माती त्याच्याआड गेली.

अक्का वर आली तेव्हा तिचा श्वास लांबूनच ऐकू येत होता. कळशी उतरवली, पाणी गाळलं, तांब्या भरला, पितळी ताटलीत गुळाचा खडा ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं. साहेब उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाच माहीत. उभ्यानेच तांब्या घेतला, पण लगेच प्याले नाहीत. मग हळूहळू प्याले, सगळा.

"वहिनी," ते म्हणाले, "म्हणजे पाण्याची टंचाई आहे तर."

अक्काने ताटली पुढे केली. "टंचाई कसली, साहेब? आनला की नाय पाणी?"

साहेबांनी गूळ तोंडात टाकला आणि फोनवर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. जाताना आधीच्या तिन्ही घरांत पुन्हा डोकावले आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, हे पाणी कुठून आणलंत? वाडीच्या बायकांना कुठून असं विचारलं तर त्या खरं सांगतात. त्याची तालीम कोणी घेतलेली नव्हती.

जयंतीच्या आदल्या दिवशी भाऊसाहेबांचा निरोप आला की बाई, रंगाचा डबा घेऊन या. मी जुन्या ओळीवर आधी निळा हात मारला आणि वाळल्यावर वर लिहिलं, आमची वाडी, टंचाई आहे. वाईट बातमी लिहिताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता. वाडीतली माणसं खास उतरून ती वाचायला गेली. अक्काचा मुलगा गाडीतून उतरल्या उतरल्या भिंतीसमोर उभा राहिला, फोटो काढला आणि अलोऱ्याला पाठवला. हॉलचा विषय पुन्हा निघाला नाही.

पहिला टँकर घरघर करत सड्यावर आला तेव्हा मुलं त्याच्यामागे धावली. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. अक्का मात्र रांगेत नव्हती. ती घरातून भरलेला तांब्या घेऊन ड्रायव्हरच्या दाराशी गेली. ड्रायव्हर हसायलाच लागला. "काकी, पाणी मीच घेऊन आलोय."

"म्हणून काय झाला?" ती म्हणाली. "दारात आलास ना." त्याला प्यावंच लागलं.

लग्नाच्या सकाळी खळ्यात मांडव पडला होता. पांढरे पडदे, निळ्या झालरी, मूर्तीसमोर मेणबत्त्या, बौद्धाचार्य येऊन माइक तपासत होते. मुंबईची माणसं आंघोळी करून, पावडर लावून, उगाच इकडून तिकडे फिरत होती. कोणाला किती बालद्या यावरून कुठेही आवाज चढला नाही. खळं मोठं ठेवलं म्हणून हसणाऱ्यांपैकी जे उरले आहेत ते पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. आमचे हे सरबताच्या पिंपाशी उभे राहून, पाणी कसं मिळवलं ते पाहुण्यांना सांगत होते. त्यात त्यांचा बराच वाटा होता, असं ऐकणाऱ्यांना वाटलं असावं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. असा दिवस रोज येत नाही.

आत अक्का माझ्या अंबाड्यात गजरा माळत होती. दारच्याच मोगऱ्याचा. टपोऱ्या कळ्या होत्या.

"मोगऱ्याला यंदा बरंच पाणी लागलेलं दिसतंय," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. मग ती हसली. "कळला तुला?"

"कळलं."

"हंड्यात पाणी असताना नाय म्हणायची सवय नाय मना. म्हणून आधी सगळा मोगऱ्याला ओतला." तिने पिन खोचली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बाय, एक विचारू? त्या भाऊसाहेबाच्या पिशवीत बाटली होती ना गो?"

"होती."

"पाखाडी उतरताना मना तीच दिसत होती डोळ्यांसमोर. म्हटला, मी येईपर्यंत साहेब आपल्या बाटलीतला पिऊन मोकळा झाला, तर मग माझा तांब्या कोनापुढं धरू? महिनाभर तुला विचारीन म्हणतंय, धीर होत नव्हता." ती माझ्या पाठीमागे होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. "पियाला काय तो?"

"भाऊसाहेबांनी काढून दिली होती," मी सांगितलं. "साहेब नको म्हणाले. म्हणाले, त्या आणायला गेल्यात ना, थांबू."

 माझ्या खांद्यावर अक्काचा हात होता, तो जड झाला.

"थांबला," ती म्हणाली. मग गजरा नीट करत, "सासू हवी होती गो आज."

बाहेर नवरीच्या गाड्या आल्याचा गलका झाला. तिने डोळे पुसले, घासून ठेवलेला तांब्या उचलला आणि पुढे गेली.